शिकागो, तीन बेसबॉल सामने आणि घरची सहा माणसं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेल्या उन्हाळ्यात आम्ही कोलंबसहून सहा दिवसांसाठी शिकागोला जाऊन आलो. मी, नवरा, अकरा वर्षांची लेक, सहा वर्षांचा मुलगा आणि सांगलीहून आलेले सासू-सासरे. फोटो टाकले तेव्हापासून मंडळातल्या मैत्रिणी, मुलांच्या शाळेतले पालक, नवऱ्याचे ऑफिसवाले सगळे तेच ते प्रश्न विचारतायत. म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. यापुढे कुणी विचारलं की हेच पाठवणार.

सुट्टीत बेसबॉल? मुलांना डिस्नेला न्यायचं सोडून?

डिस्ने झालं आहे. तिथे सहा माणसांचं सहा दिशांना तोंड होतं, आणि आप्पांनी (माझे सासरे) निम्मा वेळ बाकावर बसून बॅगा राखल्या. बेसबॉलच्या सामन्यात अडीच-पावणेतीन तास सगळं घर एका रांगेत बसतं, आणि खेळात मोकळ्या जागा इतक्या असतात की माणसं एकमेकांशी बोलतात. वर्षभर ज्या गप्पा व्हॉट्सॲप कॉलवर अर्धवट राहतात त्या तिथे पूर्ण होतात. आमची सहल सामन्यांभोवती बांधली ती याचसाठी. नाही तर आमच्यात बेसबॉलचा खरा शौकीन एकच, माझी लेक.

शिकागोच का?

शहरात मोठ्या लीगचे दोन संघ आहेत, उत्तरेला कब्ज आणि दक्षिणेला व्हाइट सॉक्स, आणि दोन्ही मैदानं एकाच रेल्वेमार्गावर, लाल लाइनवर आहेत. ॲडिसन स्टेशनला उतरलं की रिग्ली फील्ड, सॉक्स-थर्टीफिफ्थला उतरलं की व्हाइट सॉक्सचं रेट फील्ड. शिवाय आगगाडीने दीड तासावर मिलवॉकी, तिथे ब्रूअर्सचा संघ. एवढं सगळं एका हॉटेलातून होतं.

रिग्ली फील्ड 1914 सालचं आहे. मोठ्या लीगमध्ये त्याहून जुनं एकच मैदान, बॉस्टनचं फेनवे पार्क, 1912 चं. बाहेरच्या भिंतीवर 1937 मध्ये लावलेली वेल आजही आहे, आणि मधोमध उंचावर त्याच वर्षीचा धावफलक. तो अजून आत बसलेली माणसं हाताने पाट्या बदलून चालवतात. आप्पांनी तो पाहिला आणि म्हणाले, ‘‘अगं, हा आपल्या शिवाजी स्टेडियमसारखा!’’ तिथून पुढे त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही.

कोणत्या महिन्यात जावं?

हंगाम मार्चअखेर ते सप्टेंबरअखेर. प्रत्येक संघाचे 162 सामने, त्यातले 81 घरच्या मैदानावर. मुलांच्या शाळेमुळे आपल्याला जून ते ऑगस्टच मोकळा. त्यात तीन गोष्टी बघून घ्या.

पहिली, वेळापत्रक. दोन्ही संघ एकाच वेळी घरी असतील असं सहसा होत नाही. एक घरी असला की दुसरा बहुधा दौऱ्यावर. त्यामुळे आधी विमानाची तिकिटं आणि मग सामने असं केलंत तर हाती एकच संघ लागेल. वेळापत्रक आदल्या वर्षीच जाहीर होतं. एकाचा मुक्काम संपतो आणि दुसऱ्याचा सुरू होतो असा आठवडा शोधा. आम्हाला बुधवारी दुपारी कब्ज आणि शुक्रवारी रात्री सॉक्स असा सापडला.

दुसरी, जुलैच्या मध्यावर निवडक खेळाडूंच्या ऑल-स्टार सामन्यासाठी तीन-चार दिवस नेहमीचे सामने बंद असतात. आमच्या ओळखीतलं एक कुटुंब नेमकं तेव्हाच गेलं होतं. त्यांनी मैदान बघितलं, बाहेरून.

तिसरी, जुलैअखेर-ऑगस्टच्या सुरुवातीला ग्रँट पार्कमध्ये चार दिवसांचा मोठा संगीत महोत्सव असतो. हॉटेलचे दर तेव्हा विचारूच नका.

किती सामने बघावेत?

सहा दिवसांत दोन. आम्ही तीन बघितले आणि तिसरा जास्त झाला. शुक्रवारची रात्र सॉक्सकडे, फटाके, हॉटेलवर पोचायला साडेअकरा. आणि शनिवारी सकाळी मिलवॉकीची गाडी. तिथे सहाव्या इनिंगमध्ये (सामन्यात नऊ असतात) सॉसेजचे अवाढव्य पोशाख घातलेल्या माणसांची शर्यत लागते. माझा मुलगा निघण्याआधी महिनाभर त्या शर्यतीविषयी बोलत होता. तो चौथ्या इनिंगला माझ्या मांडीवर झोपला आणि आठव्याला उठला. परतीच्या गाडीत झालेलं रडणं मी इथे लिहीत नाही. दोन सामन्यांमध्ये एक दिवस मोकळा ठेवाच.

दुपारचा सामना की रात्रीचा?

रिग्लीला दुपारचा. तिथे 1988 पर्यंत दिवेच नव्हते. सत्तरहून जास्त वर्षं सगळे सामने उन्हात झाले. 8 ऑगस्ट 1988 ला पहिल्यांदा दिवे लावून सामना सुरू केला आणि तो पावसाने बुडाला. पहिला पूर्ण सामना दुसऱ्या दिवशी झाला. रात्रीच्या सामन्यांवर तिथे अजूनही शहराची मर्यादा आहे, म्हणून आठवड्याच्या मधल्या दिवशीसुद्धा दुपारी 1.20 चा सामना मिळतो. संध्याकाळी साडेचार-पाचला मोकळे. मुलं आणि वडीलधारे सोबत असतील तर याहून सोयीचं काही नाही.

सॉक्सकडे मात्र शुक्रवारची रात्र. उन्हाळ्यात शुक्रवारी सामन्यानंतर फटाके उडवण्याची त्यांची प्रथा आहे. होम रन (बेसबॉलचा सिक्सर) मारला की धावफलकावरूनही उडतात, ती आतषबाजी तर 1960 पासूनची.

तिकिटं कशी काढावीत? किती महाग?

दर रोज हलतात, त्यामुळे आकडा सांगण्यात अर्थ नाही. मंगळवार-बुधवार स्वस्त, शनिवार-रविवार महाग. कब्ज महाग, सॉक्स स्वस्त, आणि त्याला कारण आहे: 2024 मध्ये सॉक्सने 162 पैकी 121 सामने गमावले. आधुनिक काळातला तो नीचांक. पण एक विचार करा, पोप लिओ चौदावे हे शिकागोतच जन्मले आणि ते सॉक्सचे जुने चाहते आहेत. संघाला प्रार्थनेची गरज होतीच.

तिकीट फोनवरच्या ॲपमध्ये येतं, कागद नाही. सहाच्या सहा तिकिटं एकाच फोनवर ठेवू नका. बॅटरी संपली की सगळं घर दाराबाहेर. आत रोख पैसे चालणार नाहीत असं धरून जा. आणि दोन साइटींची तुलना शुल्कासकट एकूण किमतीवरच करा.

आमची फसगत सांगते. नवऱ्याने पुनर्विक्रीच्या एका साइटवरून रिग्लीची सहा तिकिटं घेतली, ‘‘मस्त स्वस्त पडली’’ म्हणून. खाली बारीक अक्षरात ‘दृश्य मर्यादित’ असं लिहिलं होतं ते वाचलं नाही. रिग्ली जुनं मैदान, वरचा मजला लोखंडी खांबांवर उभा आहे, आणि आमच्या दोन जागांच्या बरोब्बर समोर तसला खांब. एका जागेवरून पिचर (चेंडू टाकणारा) दिसायचा, बॅटर नाही. शेजारच्या जागेवरून बॅटर दिसायचा, पिचर नाही. दर दोन इनिंगला आम्ही संगीत खुर्ची खेळलो.

मग नेमकं बसावं कुठे?

रिग्लीला होम प्लेटच्या, म्हणजे बॅटर उभा राहतो त्या जागेच्या, मागे किंवा तिथून डावीकडे, तिसऱ्या बेसच्या बाजूला. दुपार कलली की सावली तिकडे आधी येते, आणि कब्जचा डगआउटही (खेळाडूंची बसायची जागा) त्याच बाजूला आहे. खालच्या मजल्यावर मागच्या रांगा घेतल्या तर डोक्यावर छप्पर मिळतं, पण खांबांचं भान ठेवा. वरच्या मजल्याच्या पहिल्या काही रांगा मला सगळ्यात पसंत: खांब नाही, अख्खं मैदान दिसतं, आणि पलीकडे घरांच्या गच्च्यांवर बांधलेल्या बाकांवर बसून सामना बघणारे लोकही दिसतात.

भिंतीमागचे ब्लीचर्स म्हणजे उघड्या बाकांचा स्टँड. तिथे दिवसभर ऊन, बिअर आणि आरडाओरडा. कॉलेजच्या पोरांची जागा. वडीलधाऱ्यांना घेऊन जाऊ नका.

घरच्यांना खेळातलं काही कळत नाही. कंटाळतील ना?

क्रिकेट कळतं ना? मग दहा मिनिटं पुरतात. मी आईंना (सासूबाईंना) गाडीत सांगितलं ते असं: दोन्ही संघांना नऊ-नऊ इनिंग, प्रत्येक इनिंगला तीन गडी बाद झाले की बाजू बदलते. म्हणजे प्रत्येक संघाच्या एकूण 27 विकेट. पाहुणे आधी बॅटिंग करतात. चेंडू टप्पा न पडता येतो. चांगला चेंडू सोडला किंवा हुकला तर स्ट्राइक, तीन झाले की बाद. वाईट चेंडू सोडला तर बॉल, चार झाले की फुकट पहिल्या बेसवर, म्हणजे धावायच्या चौकोनाच्या पहिल्या कोपऱ्यावर. मारला तर पळावंच लागतं, ‘नको, थांब’ म्हणायची सोय नाही. चार बेस फिरून घरी आला की एक धाव. सरळ भिंतीपलीकडे गेला की होम रन, म्हणजे सिक्सर, फक्त धावा बेसवर जितके उभे असतील तितक्या अधिक एक.

फाउल म्हणजे दोन रेषांबाहेर गेलेला फटका. दोन स्ट्राइक होईपर्यंत तो स्ट्राइक धरतात, नंतर नाही. त्यामुळे एखादा चिवट बॅटर फाउलवर फाउल मारत पिचरला दमवतो. आईंना हाच प्रकार सगळ्यात आवडला. ‘‘खडूस आहे मेला,’’ असं दोनदा कौतुकाने म्हणाल्या.

अनिर्णित सामना नसतो. नऊ इनिंगनंतर बरोबरी असेल तर जादा इनिंग. आणि पूर्वीसारखं रेंगाळणंही राहिलं नाही. 2023 पासून पिचरवर घड्याळ लावलंय, बेस रिकामे असतील तर 15 सेकंदांत चेंडू टाकावाच लागतो.

स्कोअरकार्ड म्हणजे काय? ते घ्यावं का?

माझं ऐका, घ्याच. मैदानात छापील स्कोअरकार्ड आणि पेन्सिल विकत मिळते. क्षेत्ररक्षकांना ठरलेले आकडे असतात: पिचर 1, कॅचर (आपला विकेटकीपर) 2, पहिला बेस 3, दुसरा 4, तिसरा 5, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला) 6, मग आउटफिल्डचे 7, 8, 9. शॉर्टस्टॉपने चेंडू उचलून दुसऱ्या बेसला दिला, त्याने पहिल्याला, आणि दोन गडी एकदम बाद झाले, तर लिहायचं 6-4-3. तीन स्ट्राइकवर बाद झाला की इंग्रजी के. तिसरा स्ट्राइक नुसता बघत राहिला तर तोच के उलटा.

आप्पांनी सांगलीत वीस वर्षं टेनिस बॉलच्या स्पर्धांचं गुणलेखन केलं आहे. लेकीने त्यांना हे आकडे शिकवले. पहिल्या इनिंगला ती सांगत होती आणि ते लिहीत होते. पाचव्या इनिंगला ती तिरक्या चौकटीत चुकीचं काही लिहायला गेली तर त्यांनी पेन्सिल काढून घेतली, खोडलं, आणि ‘‘आधी बघ, मग लिही’’ म्हणाले. उलटा के लिहिताना मात्र दर वेळी चेहऱ्यावर असं हसू, जणू बाद त्यांनीच केलाय. ते तीन कागद त्यांनी सांगलीला नेले. कपाटात वहीत ठेवलेत, असं आईंनी कळवलं.

एक गंमत जाता जाता: बेसबॉलच्या सामन्याचा तक्ता वर्तमानपत्रात छापायची पद्धत रुजवली ती हेन्री चॅडविक यांनी, आणि ते मूळचे इंग्लंडचे, क्रिकेटचे वार्ताहर. आप्पांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, ‘‘वाटलंच.’’

शाकाहारी माणसांनी काय खावं?

शिकागोचा हॉट डॉग प्रसिद्ध आहे: खसखस लावलेला पाव, मोहरी, कांदा, टोमॅटो, लोणच्याची काकडी, तिखट मिरच्या, वर सेलरीचं मीठ. केचप मागितलात तर आजूबाजूचे बघतात. पण लक्षात घ्या, तो गोमांसाचा असतो. ज्यांना चालत नाही त्यांना आधीच सांगून ठेवा. रांगेत उभं राहून, हातात आल्यावर कळणं वाईट.

बाकी पिझ्झा, नाचोज, मोठे मऊ प्रेट्झेल, सालासकट भाजलेले शेंगदाणे मिळतात. सॉक्सच्या मैदानावर मक्याचे दाणे काढून त्यात लिंबू, तिखट, चीज आणि मेयोनीज घालून देतात. तो पेला आईंनी एकटीने संपवला आणि चौपाटीची आठवण काढली. मेयोनीजमध्ये अंडं असतं, न खाणाऱ्यांनी ते वगळून मागा. आइस्क्रीम प्लास्टिकच्या छोट्या हेल्मेटमध्ये मिळतं. आमच्या स्वयंपाकघरात आता अशी चार हेल्मेटं आहेत, त्यातल्या एकात लसूण.

डबा नेता येतो का?

आम्ही दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि केळी नेली आणि कुणी अडवलं नाही. पण पिशवीचं माप, बाटली सीलबंद हवी की नाही, हे नियम मैदानागणिक वेगळे असतात आणि बदलतात. आदल्या रात्री क्लबच्या साइटवर वाचून घ्या. स्टीलचा डबा न नेता साध्या पारदर्शक पिशवीत बांधून न्या, तपासणीत वेळ वाचतो.

मोकळ्या दिवशी डेव्हन ॲव्हेन्यूला जा. डोसा, चाट, मिठाई, साड्या, सगळं एका रस्त्यावर. त्याच्या एका भागाला महात्मा गांधी मार्ग असं सन्मानाचं नावही आहे. अमेरिकाभर पसरलेल्या पटेल ब्रदर्सचं पहिलं दुकान 1974 मध्ये याच रस्त्यावर निघालं.

पाऊस आला तर?

शिकागोच्या दोन्ही मैदानांवर छप्पर नाही. पाच इनिंग झाल्यानंतर पावसाने सामना थांबला तर तो पूर्ण धरतात. त्याआधी रद्द झाला तर तिकीट पुढच्या तारखेला चालतं, आणि त्या तारखेला तुम्ही घरी भांडी घासत असता. म्हणून महत्त्वाचा सामना सहलीच्या शेवटच्या दिवशी ठेवू नका. मिलवॉकीच्या मैदानाला सरकतं छप्पर आहे, ही त्याची मोठी जमेची बाजू.

आणि एक स्वेटर. जुलैत? हो. मिशिगन सरोवर रिग्लीपासून चालत जाण्याइतकं जवळ आहे. तिकडून वारा सुटला की उन्हातून सावलीत गेल्यावर हुडहुडी भरते. त्याच वाऱ्यावर खेळही ठरतो: सरोवराकडून आत येत असेल तर भिंतीपलीकडे जाणारे चेंडू हवेतच अडतात, बाहेर वाहत असेल तर होम रनांचा पाऊस.

वयस्कर माणसांना झेपतं का?

झेपतं. दोन्ही स्टेशनांवर लिफ्ट आहे. जिने चढायला नकोत अशा जागा तिकीट काढतानाच निवडा, नंतर बदलून मिळतील यावर विसंबू नका. सामना संपल्यावर प्लॅटफॉर्मवर दादरसारखी गर्दी होते. वीस मिनिटं जागेवरच बसून राहा. आपल्याला काय गर्दीचं नवल, पण आईंचे गुडघे दादर सोडून बरीच वर्षं झालीत.

राहावं कुठे? गाडी लागते का?

डाउनटाउनमध्ये, लाल लाइनच्या लेक, मनरो किंवा ग्रँड स्टेशनजवळ. आम्ही गाडीने गेलो आणि ती सहा दिवस हॉटेलच्या पार्किंगमध्ये पैसे खात उभी राहिली. रिग्ली भर वस्तीत आहे, आजूबाजूच्या गल्ल्यांत सामन्याच्या रात्री रहिवाशांच्याच गाड्यांना परवानगी असते. इतरांच्या उचलून नेतात. विमानाने येणाऱ्यांना ओहेअरहून निळी लाइन आणि मिडवेहून नारिंगी लाइन थेट शहरात आणते.

सामना नसेल त्या दिवशी काय बघावं?

यादी कुठेही मिळेल, मी आमच्या घरात काय चाललं तेवढंच सांगते. मिलेनियम पार्कमधला तो आरशासारखा प्रचंड ‘बीन’, म्हणजे क्लाउड गेट, घडवणारे अनिश कपूर मुंबईत जन्मलेले. तिथून दोन पावलांवर आर्ट इन्स्टिट्यूट. स्वामी विवेकानंदांचं 11 सप्टेंबर 1893 चं भाषण याच इमारतीत झालं. आप्पा आत गेल्यावर काही बोलले नाहीत, फक्त चपला काढाव्यात का असं एकदा विचारलं. बाहेरच्या मिशिगन ॲव्हेन्यूच्या पट्ट्याला विवेकानंदांचं नाव दिलेली पाटी आहे, तिच्याखाली फोटो झाला.

मुलांना लिंकन पार्कचं प्राणिसंग्रहालय आवडलं, आणि ते फुकट आहे. नदीतून बोटीने इमारती दाखवणारी फेरी सगळ्यांना जमली, कारण बसूनच होती.

लहान मुलांनी ग्लोव्ह न्यावा का? चेंडू मिळतो का?

न्यावा. चेंडू मिळेल न मिळेल, पण ग्लोव्ह घालून तीन तास वाट बघण्यात मूल गुंतून राहतं. प्रेक्षकांत आलेला चेंडू परत द्यावा लागत नाही, घरी न्यायचा. अपवाद रिग्लीच्या ब्लीचर्सचा: पाहुण्या संघाचा होम रन तिथे पडला तर तो मैदानात परत फेकायचा असा तिथला रिवाज आहे, नाही फेकलात तर आजूबाजूचे सोडत नाहीत. चलाख लोक खिशात दुसरा जुना चेंडू ठेवतात आणि तो फेकतात. संरक्षक जाळीबाहेरच्या जागा असतील तर बॅटर खेळताना फोनमध्ये डोकं घालू नका. चेंडू खरोखर जोरात येतो.

शेवटपर्यंत थांबावं का?

सातव्या इनिंगच्या मध्यापर्यंत तरी थांबाच. सगळं मैदान उभं राहून, हातपाय ताणून एक गाणं म्हणतं. शब्द येत नसले तरी चालतं, आईंनी नुसत्या टाळ्या वाजवल्या.

रिग्लीला नवव्यापर्यंत. कब्ज जिंकले की धावफलकावर पांढऱ्या कापडावर निळा डब्ल्यू असलेला झेंडा चढतो, हरले तर निळ्यावर पांढरा एल. कामावरून लाल लाइनने घरी जाणाऱ्यांना निकाल कळावा म्हणून ही सोय. आमच्या दिवशी एल होता. गाडी ॲडिसनहून सुटली तेव्हा आप्पा दारापाशी उभे राहून काचेतून तो झेंडा दिसतो का बघत होते, हातात स्कोअरकार्डाची गुंडाळी. दिसला तसा त्यांनी कागद उलगडला, वरच्या कोपऱ्यात एल लिहिला आणि त्याखाली मराठीत तारीख घातली.